खोटा ठरवलेला डॉलर

यातला एकही शब्द मी वाढवून सांगत नाही. वाढवायचाच असता, तर स्वतःला इतकं हलकं दाखवलं नसतं.

२०२३. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. दुपारचे चार. जव्हारमधलं माझं घर.

मी शिक्षक. वीस वर्षं जुनी नाणी जमवतोय. मोखाड्याच्या रूपेशला हा नाद मीच लावला. आणि दोनच वर्षांत त्याला ते मिळालं...

सन १७९९ चा अमेरिकन चांदीचा डॉलर!

वांगणीच्या एका म्हातारीच्या गळ्यातला. तिच्या माघारी सोनाराकडे मोडीत आलेला. माळेत ओवायला वर कडी डागलेली. कडीमुळे किंमत उतरते. तरी माझा अख्खा संग्रह त्यापुढे फिका होता.

त्या दिवशी सकाळी रूपेशच्या घरी मी तो तपासला.

कडी धरून अठ्ठावीस ग्रॅम. बरोबर.

कडेवर अक्षरं. बरोबर.

बोटावर तोलून दुसऱ्या नाण्यानं ठोकला. खणणण... अस्सल चांदी.

वीस वर्षांत मला असं एकही नाणं मिळालं नव्हतं.

"खोटा आहे रे," मी म्हणालो. "साच्यात ओतलेला."

रूपेशनं डॉलर माझ्याकडे सरकवला. "मग तुम्हीच ठेवा, रघु सर."

मी खिशात टाकला.

घरी आलो. बायको, नीता, माहेरी गेली होती. दार लावून डॉलर पुन्हा ठोकला.

आवाजच नाही.

पुन्हा ठोकला...

खणणण... आतल्या खोलीतून.

आत कोणीच नव्हतं.

परत ठोकला. आता दाराआडून... मग खुर्चीमागून.

मी हात थांबवला. आवाज थांबला नाही.

अगदी मानेजवळ. गळ्यात माळ घातलेलं कुणीतरी वाकून बघावं, तसं...

वळलो. भिंतीवर ऊन. बस्स.

तसाच गाडी काढून मोखाड्याला गेलो.

"अस्सल आहे. मी खोटं बोललो. जळलो रे तुझ्यावर."

रूपेशला नवल वाटलं नाही.

"सोनार बोलला होता, सर. माझ्याआधी तिघांनी खोटा म्हणून त्याच्याकडून फुकटात नेला. दोघं दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले."

"आणि तिसरा?"

"त्याची बायको आली. एकटी."

"हे माहीत असून मला का नेऊ दिलास?"

"खोटा तर तुम्हीच ठरवलात, सर." त्यानं डॉलर कपाटात ठेवला.

"तुला काही ऐकू येत नाही?"

"नाही, सर. कधीच नाही. मी अस्सल म्हणून, पैसे मोजून घेतला."

आणि तेव्हासुद्धा... मला त्याचा हेवाच वाटला.

अजून वाटतो. त्या हेव्याचीच भीती वाटते.