काटाघरातला पहारेकरी

“गुन्हेगार कोण ते मला ठाऊक आहे, बाई,” कृष्णकांत सर म्हणाले. “मला फक्त पुरावा हवाय. पोलिसांत न जाता. मुलगी आहे, गाजावाजा नको.”

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. शरमेनं बोलणारा माणूस चुकत नसतो, असं मनोहररावांचं मत होतं. मनोहररावांची अशी बरीच मतं होती आणि त्यांतली निम्मी त्यांच्या धाकट्या बहिणीनं खोटी पाडली होती.

ही बहीण म्हणजे सुभद्रा देशकर. धंतोलीतल्या दोन खोल्यांत ती खासगी तपासाचं काम करायची. मनोहरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तिच्या मदतीला बसले होते, म्हणजे बहुतेक वेळ बसलेच होते. साल १९८८, गणपती बसून चार दिवस झाले होते.

सरांनी हकिगत सांगितली. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवून त्यांनी काँप्युटरचा व्यवसाय सुरू केला होता. धान्यबाजाराच्या काटाघरात त्यांचं यंत्र होतं. ट्रक आला की आवक नोंदायची, मग वजन, मग भाव, शेवटी पावती. प्रोग्रॅमचे भागही तेच चार.

“रोज दुपारी यंत्र मंदावतं आणि मग ठप्प! बाहेर ट्रक खोळंबतात, शिव्या आम्हाला. बंद करून पुन्हा चालू केलं की चालतं.”

“प्रोग्रॅममध्येच खोट असेल तर?”

“तपासलं ना. माझा विद्यार्थी मधुकर, त्यानं खास एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. त्यात सगळं साफ निघालं. म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय. दुपारी यंत्रावर माझ्याकडे कामाला असलेली गोपिका असते. शिवाय मला उलट बोललेली. ती दोन दिवस रजेवर गेली, तर यंत्र संध्याकाळपर्यंत गुमान चाललं.”

“कोणते दोन दिवस?”

“पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत.”

“आडनाव काय गा पोरीचं, सर?” मनोहररावांनी विचारलं.

“गजभिये.”

“हं,” मनोहरराव म्हणाले. आडनावावरून जात कळली आणि त्या एका ‘हं’मध्ये निकाल लागून गेला. सुभद्रानं भावाकडे पाहिलं.

“परवा तिच्या वडिलांना खाप्याहून बोलावून घेतलं. विणकर आहेत. बिचाऱ्यांनी माझ्यापुढे हात जोडले. उद्या तिला काढून टाकणार आहे. पण उगाच वाटतं, हातात पुरावा असावा.”

काटाघर म्हणजे ट्रक तोलायच्या धर्मकाट्याला लागून पत्र्याची एक खोली. सरांबरोबर तिथे पोचल्यावर सुभद्रानं आधी गोपिकाला बाहेर बोलावलं.

गोपिका ताठ उभी राहिली. डोळे मात्र रडून सुजले होते.

“यंत्र तू बंद पाडतेस?”

“नाही.”

“सर म्हणतात, तू उलट बोललीस.”

“महिन्याभरापूर्वी प्रश्न विचारला होता, ताई. वजनावर वाद झाला की ट्रक पुन्हा काट्यावर चढतो. असं फेरवजन झालं की आधीच्या वजनाची जागा आपण सोडतो का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, कालची पोर मला शिकवते!”

“जागा म्हणजे काय वं?” मनोहररावांना काही उमगेना.

“काका, लग्नात समाजाची भांडी आणता ना? काम झालं की परत. यंत्रातली जागा पण तशीच मोजकी. प्रोग्रॅमच्या हर एक भागानं लागेल तेवढी घ्यायची अन् परत करायची. कोणी परत केलीच नाही, तर दुपारपर्यंत भांडार रिकामं.”

“अन् यंत्र अडते!”

“हो. याला मेमरीची गळती म्हणतात. पण मधुकरदादाच्या पहारेकऱ्याला गळती दिसलीच नाही.” ती थांबली. मग तिचा आवाज फुटला. “ताई, माझ्या बाबांनी हात जोडले. मी बाजूले उभी होती. मी केलं नाही म्हणून सांगून राहिली होती, अन् ते माफी मागून राहिले होते. मलेच म्हणत, गप राय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.”

मनोहररावांनी खिशातली सुपारी काढली आणि परत ठेवली.

आत मधुकर यंत्रापुढे वाकून, उभ्यानंच काम करत होता. शेजारी रिकामी खुर्ची होती.

“अरे, बसून कर ना.”

“सरांची खुर्ची आहे ती, ताई.” त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल सरळ केला. “सर नसले तरी आम्ही बसत नाही.”

“तुझा पहारेकरी दाखव मला.”

मधुकर खुलला. त्यानं बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकली, ती तो मोठ्यानं वाचत गेला. “आवक, घेतलेली जागा सगळी परत. भाव, सगळी परत. पावती, सगळी परत. पाहा, कुठे थेंब गळत नाही.”

“कुठे नजर ठेवायची, हे त्याला कोण सांगतं?”

“मीच. आधी भागांची नावं द्यावी लागतात. ज्याचं नाव दिलं, त्यावर पहारा.”

“यातलं गोपिकानं काय लिहिलंय?”

“पावती. आवक आणि भाव माझं.”

“गोपिका कशी आहे कामाला?”

मधुकर घुटमळला. “चांगली आहे. पण सर म्हणतात तर… सर उगीच नाही म्हणणार.”

शेवटी सुभद्रा सरांकडे वळली. “गोपिकाच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं, सर?”

सरांनी चष्मा काढला. तो पुसून झाला तरी पुसत राहिले. “मूर्खपणाचा प्रश्न होता. वजनाचा भाग मी स्वतः लिहिलाय.”

दुपारी यंत्र ठप्प झालं. बाहेर हॉर्नचा नुसता कल्ला. सुभद्रानं चौघांना आत घेऊन दार लावलं.

“दादा, पोळ्याला तू काय केलंस?”

“पुरणपोळी खाल्ली अन् झोपलो. काहून?”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“इतवारीत मारबतीची मिरवणूक पाहाले गेलो. ही गर्दी! सारा बाजार बंद…” मनोहरराव थबकले. “अरे, बाजारच बंद होता!”

“शेतकरी बैल सजवत होते. माल कोण आणणार? ट्रक नाहीत, तर वजनं नाहीत. वजनं नाहीत, तर फेरवजनं नाहीत. यंत्र चाललं ते गोपिका नव्हती म्हणून नाही, त्याला काम नव्हतं म्हणून. मुद्दाम बिघडवणारं कोणी नाही, सर. ही गळतीच आहे.”

“पण पहारेकरी…” मधुकर म्हणाला.

“तू मघाशी काय वाचलंस? आवक, भाव, पावती. प्रोग्रॅमचे भाग तर चार आहेत, मधुकर. वजन कुठे गेलं?”

मधुकरचा चेहरा पडला.

“त्याचं नाव तू पहारेकऱ्याला दिलंच नाहीस. ज्या खुर्चीवर तू बसत नाहीस, त्या खुर्चीवर बसून लिहिलेला भाग तो. खरं ना?”

“सरांच्या कामावर मी पहारा ठेवायचा?” मधुकर कसाबसा बोलला. “ताई, त्यांनी मला शिकवलं. तसं मनातसुद्धा आलं नाही.”

“आता आण. नाव टाक.”

मधुकरनं सरांकडे पाहिलं. मग त्यानं पहारेकऱ्याला चौथं नाव दिलं आणि यंत्र नव्यानं सुरू केलं. एक ट्रक काट्यावर घेतला. मग तोच ट्रक पुन्हा घेतला.

“वजन,” मधुकरनं वाचलं. पुढचं त्याला वाचवेना.

“वाच,” सर म्हणाले.

“जागा परत केली नाही, सर.”

ट्रक तिसऱ्यांदा चढवला. न फेडलेली जागा आणखी वाढली.

“उत्तर गोपिकानं महिन्याभरापूर्वीच दिलं होतं,” सुभद्रा म्हणाली. “आपण त्याला उलट बोलणं म्हटलं.”

सर खुर्चीत बसायला गेले आणि न बसताच उभे राहिले. “तिनं विचारलं, त्याच संध्याकाळी मी माझ्या प्रोग्रॅमचे कागद काढले होते. उघडले नाहीत. ती बरोबर निघाली तर, अशी भीती वाटली. मग तीच गुन्हेगार आहे, असं मला वाटायला लागलं. सोपं होतं ते.”

“मला तुम्हाला बोलायला तोंड नाही, सर. तिघांना विचारायचं होतं, तर मी सुरुवात गोपिकापासून केली. का? मला तसं कोणी सांगितलं नव्हतं.” सुभद्राला गोपिकाकडे पाहवेना. “गावाची पीडा मारबतीच्या पुतळ्याच्या माथी मारून तिला गावाबाहेर काढतात ना, तशी आपण सगळ्यांनी मिळून या पोरीची मारबत केली.”

मनोहररावांना आपला सकाळचा ‘हं’ आठवला. कान तापले. आडनाव विचारायचं काही एक कारण नव्हतं, हे त्यांना आता कळत होतं आणि आता कळून काही उपयोग नव्हता. “पोरी, मीबी…” ते म्हणाले.

सर गोपिकासमोर येऊन उभे राहिले. “तू विचारलं होतंस, जागा सोडतो का. नाही, बेटा. मी सोडत नव्हतो. मला माफ कर.” त्यांनी हात जोडले.

गोपिका मागे सरकली. “मले नका जोडू, सर. मले माहीत होतं मी केलं नाही. माझे बाबा अजून समजून राहिले, त्यांच्या पोरीनं केलं.”

बाहेर एक ट्रकवाला दार ठोकत होता.

“खाप्याची गाडी कुठून सुटते?” सरांनी विचारलं. त्या म्हाताऱ्याला बोलावून घेताना हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

“मी येते संगं, घर दाखवाले,” गोपिका म्हणाली. “पण सर, तुम्हाले दारात पाहून ते पहिले हात जोडतील. त्यांच्या आधी जोडा.”

सरांनी मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या चपला पायांत घातल्या.