समोरचा वारा

“इथून तिकडे विमानानं किती लांब पडतं?”

काउंटरपलीकडच्या माणसाच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता, बोटांना वॉर्निशचा वास. अलीकडे ती बसलेली; विमानाची तिकिटं काढून देणं हे तिचं काम. असले प्रश्न तिच्या पाचवीला पुजलेले.

“नऊ हजार किलोमीटर. जायला अकरा तास, यायला साडेनऊ.”

“म्हणजे येताना रस्ता आखडतो?”

“रस्ता तेवढाच. जाताना वारा समोरून असतो, येताना पाठीवर.”

“मग येणंच बरं की!” तो हसला... आणि तिकीट न काढताच गेला.

तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा. परदेशातल्या व्हायोलिनच्या एका नामांकित कारखान्यानं त्याला कायमचं बोलावलं होतं. दोन दिवसांनी तो पुन्हा आला – व्हायोलिन विमानात जवळ ठेवता येतं का? मग पुन्हा – तिकडे थंडी किती? नंतर विचारायला काहीच उरलं नाही, तेव्हा ती दोघं समोरच्या दुकानात कॉफी प्यायला जाऊ लागली.

“याला तिकीट हवंय की मुक्काम करायचाय?” तो गेल्यावर तिची मावशी कोपऱ्यातल्या टेबलावरून फणकारली. ऑफिस मावशीचंच होतं. “गिऱ्हाइकाला तिकीट विकायचं, काळीज नाही. नऊ हजार किलोमीटर म्हणजे काय खाऊ आहे? चार महिन्यांत नावही आठवणार नाही त्याला तुझं.”

“बघू.”

“सगळ्या असंच म्हणतात.”

“मी सगळ्यांतली नाही, मावशी.”

शेवटी तो दिवस आलाच. “काढा,” तो काउंटरकडे बघत म्हणाला. तिनं तिकीट काढून दिलं. त्यानं घडी घालून खिशात ठेवलं, पण पाय काही हलेना.

“एक विचारू? इथं येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही विचारता – परतीचं काढू का? मघाच्या आजींनाही विचारलंत. मला एकदाही नाही.”

तिचा हात कीबोर्डवर थबकला.

“विसरलात?”

“नाही. नको म्हणाला असतात तर...?”

मावशीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

“मग आता विचारा,” तो हळूच म्हणाला.

“आधी माझं होऊ दे.” तिनं कीबोर्ड पुढे ओढला आणि स्वतःचं नाव टाकलं. प्रिंटर करकरला. “हे माझं, जाण्यायेण्याचं. तुम्ही तिकडे जरा स्थिरावलात की येणार आहे मी. आठवडाभर.”

“पण... जाताना वारा समोरून–”

“येऊ दे की समोरून! मी काय वाऱ्याला विचारून जाणार आहे?”

“हिला रजा कुणी दिली?” मावशी कडाडली.

“मी घेतली.”

मावशीनं कप आपटला. पण भाचीची नजर काही खाली गेली नाही. मावशीच मग उगाच कागद चाळू लागली.

तो खुर्ची ओढून बसला. तिचं तिकीट त्यानं उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

आता तिनं ताठ बसून, अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “परतीचं काढू का?”

“काढा,” तो म्हणाला. “तुमच्याच विमानाचं, शेजारची सीट. मावशींना रीतसर मागणी घालायचीय... तेव्हा वारा पाठीवर असलेला बरा.”