मास्तरांचे पॅड

हे खरं घडलंय. माझ्या मावशीच्या बाबतीत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बुधवार होता. रात्रबित्र काही नाही, चांगले दुपारचे तीन.

मावशी फिजिओथेरपिस्ट. तिच्या क्लिनिकमध्ये समोर बसला होता तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा. बस ड्रायव्हर. हात अंगाखाली दाबून झोपला, नस दबली आणि उजवं मनगट लुळं पडलं. सोमवारी कंपनीची तपासणी. मनगट उचललं नाही, तर नोकरी गेली.

"दादा, मुंग्या आल्या की सांग."

"आधी तुझं डबडं चालू तर कर!"

करंट द्यायचे चिकट पॅड प्रत्येक पेशंटचे वेगळे असतात. मामाचे आलेच नव्हते. मावशीने खणातून मास्तरांचे काढले. मास्तर तिचे जुने पेशंट. त्यांना बोलता येत नसे, म्हणून तिने खूण ठरवून दिली होती. एक बोट वर, म्हणजे करंट वाढव. दोन, म्हणजे बंद कर.

मास्तर रविवारीच वारले होते.

'एकदाच तर लावायचेत,' ती मनात म्हणाली.

मशीन दहा सेकंद करंट देतं, दहा सेकंद थांबतं.

करंट आला. मनगट टुणकन वर!

"आलं की गं!" मामा ओरडला.

करंट थांबला. मनगट पडलं.

आणि मग...

एक बोट वर आलं.

"दादा, बोट तू उचललंस?"

"कुठलं बोट?"

मावशी मशीनकडे झेपावली. तिने प्लग उपटला. पॅड ओरबाडून काढले. मशीनची घरघर थांबली. खोलीत चिडीचूप...

बोट तसंच. वर.

"मुंग्या येतायत?"

"छे. हात अजून मेलेलाच आहे."

आणि तोच हात मनगटातून सावकाश उचलला गेला...

मामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "छोटे, जादूगार आहेस तू!"

मावशीने पॅड गुपचूप खणात टाकले.

सोमवारी मामा पास झाला. मूठ आवळ, मनगट वळव, हाताने सगळं केलं.

"मी आपला हात नुसता पुढे करतो," तो नंतर मावशीला हळूच म्हणाला. "बाकीचं तोच करतो. मला काय, नोकरी राहिली ना!"

पॅडचं तिने त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर तो स्टिअरिंग सोडून घरी बसेल. नाही सांगितलं, तर... त्याच्या मागे रोज चाळीस माणसं बसतात.

बस सुटली, की मावशी फोन मांडीवर घेऊन बसते. तो पोहोचल्याचं कळेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही.

आत्ताही समोर बसलीय.

आज वीस मिनिटं उशीर झालाय...