कवितेतली सवत

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा मध्ये काच होती. चष्म्याच्या दुकानाच्या दाराची. ठकीनं ती नुकतीच इतकी लख्ख पुसली होती, की मास्तर सरळ तिच्यातूनच आत यायला निघाला. काच शाबूत राहिली. मास्तरचा चष्मा मात्र वाकला.

"दार दिसलं नाही?" ठकीनं विचारलं.

"काच दिसली असती तर शेजारच्या वाचनालयात गेलो नसतो?" कपाळ चोळत तो म्हणाला. "तिकडेच निघालो होतो मी."

ठकी हे काकांनी ठेवलेलं नाव. दुकान काकांचं, आणि ठकीला न् तिच्या ताईला लहानाचं मोठं केलं तेही काका-काकूंनीच. मास्तर कॉलेजात आधुनिक इंग्रजी कविता शिकवायचा आणि त्या कवितेतल्या एकटेपणावर, कुणाच्याच ध्यानात न येणाऱ्या दुःखावर एक ग्रंथ लिहीत होता. ठकीनं दांडी गरम करून सरळ केली, चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं.

"टोचतंय?"

"नाही... पण अजून एकदा बघता का?"

त्यानंतर त्याचा चष्मा दर आठवड्याला वाकू लागला. कुशीवर झोपून वाचतो, असं तो सांगायचा. "ह्याचं नाक वाकडं आहे की नियत, ते एकदा तपासून घे," काका वर्तमानपत्राआडून म्हणायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एक दिवस मास्तर म्हणाला, "काल सगळी संध्याकाळ तिच्याबरोबर गेली."

ठकीच्या हातातला स्क्रू खाली पडला. ती टेबलाखाली शिरली. चेहरा न दाखवता प्रश्न विचारायला ती जागा बरी होती.

"कुणाबरोबर म्हणालात?"

"आहे एक. कॅन्टीनमध्ये खिडकीशी बसते, एकटी. समोर कॉफी निवत असते. तिचा वाढदिवस असतो, आणि कुणालाच माहीत नसतं..."

"मग केक न्या की तुम्ही."

"कसा नेणार? कवितेत आहे ती."

ठकी वर आली. हुश्श करावं असं तिला वाटलं, पण ते काही होईना. खऱ्या बाईत काहीतरी खोट निघाली असती. ती घोरली असती, उधळी निघाली असती, निदान तिला एखादा आगाऊ भाऊ तरी असता. ही बया कधी म्हातारी होणार नव्हती, कधी उलटून बोलणार नव्हती. अशा सवतीच्या झिंज्या धरायच्या तरी कुठे?

मास्तर रंगात आला होता. "पूर्वी कवितेत राजे रडायचे आणि दरबार ऐकायचा. आताच्या कवितेत माणूस रडतो, तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणीतरी साखर मागत असतं."

"आणि मी बसले तशी, खिडकीत?"

तो मनापासून हसला. "तुम्ही? तुमच्याभोवती सारखी माणसं. आनंदी आहात तुम्ही. तुमच्यावर कोण कविता लिहील?"

हे त्यानं कौतुक म्हणून सांगितलं होतं. काही पुरुषांचं कौतुक पायावर वरवंटा पडावा तसं पडतं.

वास्तविक हसणं हा ठकीच्या धंद्याचा भाग होता. चाळिशी लागलेल्या गिऱ्हाइकाला 'तुम्ही उलट तरुण दिसता' हे रडव्या तोंडानं सांगता येत नाही. दिवसभर लावलेला तो चेहरा घरी गेल्यावर उतरवायचा राहून जाई. ताई लग्न होऊन परदेशी गेली, तरी तिच्या रिकाम्या खाटेवर ठकी अजून टॉवेलसुद्धा टाकत नव्हती. ताईला पसारा चालायचा नाही ना... काकूला वाटायचं, पोरगी आता टापटिपीची झाली.

गुरुवारी सकाळी मास्तर नव्या काचा बसवायला चष्मा ठेवून गेला. "वाचनालयाच्या कॅन्टीनमध्ये चारला कॉफी घेतो आणि येतो," म्हणाला.

"दुसरा चष्मा आहे ना?"

"आहे. पण तो शोधायला हा लागतो."

ठकीनं मनाशी काही ठरवलं. चारच्या आधीच ती पिवळा स्वेटर घालून कॅन्टीनमध्ये खिडकीशी जाऊन बसली. मान खाली, समोर कॉफी. बाहेर भुरभुर पाऊसही होता. कवितेला आणखी काय लागतं?

पण आनंदी माणसाला एकटं बसू देतो कोण? कॅन्टीनवाल्या मावशी आल्या. "का गं, दात दुखतोय?" एक जुने पेन्शनर गिऱ्हाईक आले. "बरी सापडलीस, ह्या चष्म्यातून मला जिन्याच्या पायऱ्या दोनदोन दिसतात." ठकीनं दोघांना कसंबसं वाटेला लावलं आणि पुन्हा उदास झाली.

मास्तर आला. हातात कॉफी आणि टोस्ट. त्यानं थेट तिच्याकडे पाहिलं. ठकीनं कप बाजूला सारून जागा केली... आणि तो पुढे जाऊन तिच्याकडे पाठ करून टोस्ट खायला बसला.

नाटक तिथे संपलं. डोळ्यांतून आलं ते खरं होतं, आणि ते पुसायला हातरुमालही आणलेला नव्हता. ती उठली आणि पावसातच दुकानात आली.

"कुठे होतीस?" काका म्हणाले. "त्या मास्तरच्या चष्म्याचं बघ. बिचारा सकाळपासून चाचपडत फिरतोय."

टेबलावर मास्तरची फ्रेम पडली होती. तिच्या काचा ठकीनं स्वतः काढल्या होत्या. आपण नजरेत भरलो नाही म्हणून ती रडत आली होती, आणि नजर सकाळपासून इथे मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेली होती.

नव्या काचा तिनं नुकत्याच बसवल्या होत्या, तोच मास्तर आला. तो बेचैन होता.

"आज कॅन्टीनमध्ये एक बाई होती," तो म्हणाला. "खिडकीशी."

आधीची सवत सरेना, त्यात ही दुसरी. "दिसायला कशी होती?" ठकीनं तोऱ्यात विचारलं.

"दिसलीच कुठे? पिवळं काहीतरी होतं नुसतं. पण मान अशी खाली... वाटलं, जाऊन विचारावं. मग वाटलं, टोस्ट गार होईल. खाऊन उठलो तर ती निघून गेलेली. इतकी वर्षं मी हेच शिकवतोय हो..."

ठकीनं स्वतःच्या पिवळ्या बाहीकडे पाहिलं. सवत कोण ते कळलं, तरी जळफळाट काही कमी होईना.

"माझ्यासाठी नाही कधी उठलात," ती म्हणाली आणि चष्मा त्याच्या हातात दिला.

त्यानं तो घातला. आधी त्याला स्वेटर दिसला, मग डोळे.

"तुम्ही..."

"नाटक होतं ते."

"कुठपर्यंत?"

"तुम्ही पाठ करून बसलात तिथपर्यंत."

"आणि नंतर?"

ठकीनं काहीतरी चुरचुरीत बोलायला तोंड उघडलं. मग तिनं ताईच्या खाटेचं सांगितलं. आधी मधलं, मग शेवटचं, मग सुरुवातीचं. मास्तरनं पेन काढलं नाही. काका दुकानाची पाटी सरळ आहे का ते बघायला बाहेर गेले आणि पावसात बराच वेळ बघत राहिले.

"मी मूर्ख आहे," मास्तर म्हणाला. "मी कुशीवर झोपून वाचत नाही. चष्मा दर वेळी हातानं वाकवतो."

"माहीत आहे. झोपून वाकलेला चष्मा दोन्हीकडून इतका सारखा वाकत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाईक तुटलं असतं," ठकी म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, ते तिच्या बरोबर लक्षात आलं. दाखवलं मात्र नाही. "आज संध्याकाळी तुम्हाला जायचं असेल ना... तिच्याकडे?"

"तिला थांबायची सवय आहे. तू चल. कॉफी घेऊ." तो अडखळला. "आज आणि... खरं सांगू? रोजच घ्यावीशी वाटते. तुझ्याबरोबर. चालेल?"

"चालेल," ठकी म्हणाली. तिनं छत्री उचलली, दारापर्यंत गेली आणि थबकली.

"आणि वाढदिवस होता ना हो तिचा," ती म्हणाली. "बिचारी."

जिंकलेल्या बाईचं मन एवढं मोठं असायला हरकत नसते.