आत्या गाडीत होती

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, "नेटा, तू दमली आहेस."

दमले आहे, हे खरंच. पण हेही खरं आहे. माझा भाऊ मर्विन तिथेच होता. त्याला विचारलंत तर तो विषय बदलेल, एवढंच.

दोन हजार चौदाचा नोव्हेंबर होता. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, संध्याकाळ. गाव गॅरी, इंडियाना.

आम्ही दोघं दक्षिणेतल्या शार्लटहून गाडी हाकत आलो होतो, व्हर्लीन आत्याला न्यायला. आत्या ऐंशीच्या पुढची. आमच्या गल्लीत राहणारी शेवटची बाई.

आजोबा मिसिसिपीतला कापूस सोडून इथे आले आणि पोलादाच्या कारखान्यात लागले. आम्ही काळी माणसं गल्लीत आलो, तसे गोरे शेजारी एकेक करून उपनगरांत गेले. पुढे कारखान्यात यंत्रं आली, माणसं कमी झाली. मग आमचेही निघाले. कुणी अटलांटाला, कुणी टेक्सासला. मी अकरा वर्षांची असताना आई आम्हाला घेऊन शार्लटला आली.

आत्या मात्र हलली नाही.

त्या दिवशीही ती स्वयंपाकघरात राजम्याच्या पातेल्यापाशी बसून होती, आणि आम्ही खोकी भरत होतो.

"ज्या दक्षिणेतून माझा बाप जीव मुठीत घेऊन पळाला," ती म्हणाली, "तिथेच तुम्ही मला परत नेताय. शाबास."

"आत्या, तिथे हिवाळा नाही," मर्विन म्हणाला. "तुझे गुडघे दुखायचे नाहीत."

"गुडघ्यांना ने मग. मी राहते."

आम्ही हसलो. तीही हसली. पण डोळ्यांत हसू नव्हतं.

चार वाजून गेले होते. त्या दिवसांत तिकडे लवकर अंधारतं. मी एक खोकं घेऊन बाहेर आले.

गल्ली अगदी शांत.

कुत्रं नाही, पाखरू नाही. दुतर्फा घरं, पण खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आणि समोर, जिथे आमचं घर होतं, तिथे नुसतं गुडघाभर गवत. ते घर पाडून कित्येक वर्षं झाली होती.

मी खोकं गाडीत ठेवलं.

तेवढ्यात… दार आपटलं.

जाळीच्या दाराचा आवाज. एकदा, आणि मग हलकेच दुसऱ्यांदा. आमचं दार तसंच आपटायचं.

आवाज समोरून आला होता. गवतातून.

मर्विन माझ्या मागे येऊन उभा राहिला. "वारा असेल," तो म्हणाला.

गवताचं पातंही हलत नव्हतं.

मग… पावलं. जड बुटांची. फूटपाथवरून चालत येणारी, एकाची नाही, पुष्कळ जणांची. कारखान्याची पाळी सुटल्यावर यायची तशी. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. डबा खडखडला.

रस्त्यावर कुणीही नव्हतं.

आणि मग… हाक आली.

"नेटा! अंधार पडायच्या आत घरात ये!"

आईचा आवाज. ठणठणीत, तरुण.

आई जिवंत आहे. त्या वेळी ती शार्लटला टीव्हीसमोर बसलेली होती. अर्ध्या तासापूर्वीच तिच्याशी फोनवर बोलले होते.

मी उत्तर दिलं नाही.

पण उत्तर आलं.

"आले गं! पाचच मिनिटं!"

लहान मुलीचा आवाज. शेजारच्या अंगणातून.

तो माझा आवाज होता.

मर्विनच्या हातातलं खोकं खाली पडलं. कपबशा फुटल्या. आम्ही दोघंही वाकलो नाही. तसेच पाठ न फिरवता, मागे मागे सरकत घरात आलो.

आत्या शांतपणे राजमा वाढत होती.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"आत्या, कोण आहेत ते?"

"रोजचेच आहेत. दिवेलागणीला येतात सगळे."

"मेलेले?"

"मेलेले कशाला असतील? तुझी आई मेलीय का? तू मेलीयस का?" ती जराशी वैतागली. "गाव सोडून गेलेले आहेत. जाताना प्रत्येक जण थोडा थोडा इथेच राहिला. पहिले गोरे गेले, ते पण आहेत. त्यांच्यातली एक म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही."

मी तिचा हात धरला. हात गार होता.

"म्हणून तू जात नाहीस?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अगं, व्हरांड्यातला दिवा लावायला कुणीतरी नको का?" ती म्हणाली. "पण आता माझ्याच्याने होत नाही, नेटा. पायरी चढवत नाही. फार दमले मी."

मग ती उठली. कोट घातला, टोपी घातली आणि मुकाट्याने येऊन गाडीत बसली. पुढच्याच सलग सीटवर, आमच्या दोघांच्या मध्ये. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

मर्विनने गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकाला त्याने आरशात पाहिलं…

आणि एकदम गाडीचा वेग वाढवला.

"काय रे?"

"काही नाही."

इंडियानापोलिसच्या पुढे पेट्रोलला थांबलो. आत्या पेंगत होती. मर्विनने मला लांब नेलं.

"दिवा लागला होता, नेटा. व्हरांड्यातला. आणि पायरीवर आत्या बसली होती."

मी गाडीकडे पाहिलं. काचेमागे आत्याची टोपी दिसत होती.

"तू दमलायस," मी म्हणाले.

शार्लटला आत्या माझ्याकडेच राहिली. खायची, झोपायची, टीव्ही बघायची. पण हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायची, जणू लांबून ऐकू येतंय. गुडघे खरंच दुखायचे थांबले. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "माझे वाटतच नाहीत गं ते."

फेब्रुवारीत एका सकाळी फोन आला. घरं पाडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस गॅरीहून बोलत होता. आम्ही घर नगरपालिकेच्या ताब्यात दिलं, तेव्हा माझा नंबर दिलेला होता.

"बाई, घर रिकामं आहे असं सांगितलं होतं आम्हाला," तो वैतागून म्हणाला. "इथे एक आजी आहेत. यंत्र दारात उभं आहे आणि त्या बाहेर यायला तयार नाहीत. भाचीला विचारा म्हणतात."

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर आत्या घोरत होती. मला तिची पाठ दिसत होती.

"कोण आहे ती बाई?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्हीच बोला. घ्या हो आजी."

खरखर झाली. मग…

"नेटा?" आत्याचा आवाज. पूर्वीसारखा, खणखणीत. "ह्या पोरांना सांग, थंडीत उभे राहू नका म्हणावं. राजमा पुष्कळ केलाय. तू पण ये."

मी फोन ठेवला. ठेवला कसला, हातातून पडला.

पुन्हा लावायचा धीर दोन दिवस झाला नाही. लावला तेव्हा तो माणूस म्हणाला की तो आत फोन परत घ्यायला गेला, तर फोन ओट्यावर पडलेला होता आणि घरात कुणी नव्हतं. घर त्याच दुपारी पाडलं. जास्त काही बोलला नाही. मी परत फोन करू नये असं त्याला वाटत होतं, हे मला कळलं.

आत्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

ती अजून आहे. नव्वदी ओलांडली. संध्याकाळ झाली की खिडकीशी बसते आणि मला विचारते, "नेटा, आपण घरी कधी जायचं?"

मी म्हणते, "उद्या."

खरं सांगू? हल्ली ती विचारायला लागली की मला आधी तिच्याकडे नीट बघावं लागतं. आणि मग मी हळूच माझ्या स्वतःच्या हातांकडे बघते.