न दुमडलेलं पान

"खा गं पोरी, गरम आहे तोवर! आता तू एकटी नाहीस, दोन जिवांची आहेस!" वाफाळती वाटी हेवोनच्या पुढ्यात सरकवून ओकबुनबाई समोर फतकल मारून बसल्या. सून शेवटचा थेंब संपवेपर्यंत त्या जागच्या हलणार नव्हत्या.

हेवोनने नुकतीच थायरॉइडची गोळी गिळली होती. डॉक्टरीणबाईंनी निक्षून बजावलं होतं, "गोळी उपाशीपोटी, नंतर तासभर काही नाही. आणि हे समुद्री शेवाळाचं सूप रोज नको. त्यातलं आयोडीन तुमच्या मंदावलेल्या थायरॉइडला झेपत नाही. पोटातल्या बाळाची वाढ त्या थायरॉइडच्याच भरवशावर आहे, लक्षात ठेवा!" सगळं कळत होतं तिला. तरी तिचा हात वाटीकडे गेलाच...

कसा न जाईल? आई लहानपणीच देवाघरी गेलेली, सारं बालपण मावशीच्या दारात गेलेलं. इतर मुलींना कोरियन रीतीप्रमाणे वाढदिवसाच्या सकाळी शेवाळाचं सूप मिळायचं. हिचा वाढदिवस कधी आला नि कधी गेला, मावशीच्या घरात कुणाच्या गावीही नसायचं. आणि आता शेवाळासाठी नावाजलेल्या गिजांगच्या किनाऱ्यावर जन्मभर शेवाळ वाळवणारी ही माउली, सुनेला दिवस गेले म्हणताच घराला कुलूप लावून बुसानच्या फ्लॅटवर येऊन राहिली होती, भल्या पहाटे उठून तिच्यासाठी चुलीशी उभी राहत होती! त्या वाफेत हेवोनला न आठवणारा आईचा चेहरा दिसायचा. ती मुकाट्याने वाटी रिकामी करायची, आणि मग न्हाणीघरात जाऊन पोटावर हात ठेवून बाळाची क्षमा मागायची.

पुढच्या तपासणीत व्हायचं तेच झालं. आकडे सुधारण्याऐवजी बिघडले होते, गोळीची मात्रा वाढवावी लागली. घरी येताच नवऱ्याचा, ग्युहोचा तोल सुटला.

"गोळ्या तरी नीट घेतेस का गं तू? पहिलं बाळ या आजारानंच गेलं! एकदा पोळलो, तरी शहाणपण येत नाही?"

हेवोन खाली मान घालून उभी राहिली. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण ते वाक्य सासूबाईंच्या काळजात सुरीसारखं घुसलं असतं...

"अरे ए शहाण्या!" ओकबुनबाई स्वयंपाकघरातून डाव नाचवत बाहेर आल्या. "पोटुशा बायकोवर तोंड टाकतोस? तुझ्या वेळी मी टोपल्याच्या टोपल्या शेवाळ खाल्लं, म्हणून तर एवढं मोठं तोंड घेऊन जन्मलास! तू नको गं रडू. उद्यापासून दोनदा सूप देते तुला, बघ कसं रक्त चढतं अंगाला."

त्या रात्री हेवोनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एकीकडे जन्मभर आसुसून मिळालेली आई, दुसरीकडे अजून न पाहिलेलं लेकरू... आणि सकाळी वाटी पुढे आली तेव्हा तिने ती मागे सारली.

"अहो आई, मला... मला याचा वास सहन होत नाही."

 ओकबुनबाईंनी आधी वाटीकडे पाहिलं, मग स्वतःचे दोन्ही तळहात हळूच नाकाशी नेले. "वास? माझ्या हाताला येतो होय गं?" त्यांनी विचारलं. "खाऱ्या पाण्यात गेला जन्म. घासून जात नाही तो."

नाही हो, नाही! हेवोनचा जीव आक्रंदत होता, पण तिने तोंड फिरवलं. या माउलीच्या हातचं अन्नच नातवाला बाधतंय, हे सांगण्यापेक्षा आपण कृतघ्न ठरलेलं काय वाईट?

दुपारी ओकबुनबाईंनी बोचकं बांधलं. बाळंतपणासाठी राखलेलं शेवाळाचं एक लांबच लांब, अखंड पान भिंतीवर टांगलं होतं. गावाकडच्या शेजारणीकडून घेताना त्यांनी त्याच्या किमतीत घासाघीस केली नव्हती, कारण बाळंतिणीच्या शेवाळाचा भाव करू नये, ते तोडू नये, दुमडूही नये, नाहीतर बाळंतपण अवघड जातं म्हणतात. त्यांनी ते खाली उतरवलं. एवढा अपमान झालेला असूनही, बसमध्ये माणसांची गर्दी असणार हे ठाऊक असूनही, त्यांनी ते दुमडलं नाही. उभंच्या उभं छातीशी धरून त्या जिना उतरल्या. हेवोन खिडकीशी उभी राहून ओक्साबोक्शी रडली.

मग दिवस जात राहिले. आकडे हळूहळू ताळ्यावर आले, बाळ पोटात लाथा मारू लागलं, आणि घर मात्र खायला उठलं. सकाळी गोळी घेतल्यावर तो तासभर हेवोन टेबलाशी बसून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायची. कुणीतरी रागवावं, कुणीतरी "खा गं" म्हणावं... फोनवर सासूबाई "बरी आहेस ना?" एवढंच विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या.

एकदा ग्युहो तिच्याबरोबर दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवाळ बंद केलंत ते फार बरं झालं." बाहेर येताच त्याने विचारलं, "आईला खरं का नाही सांगितलंस?"

"ज्या हातांनी मला पहिल्यांदा मायेने भरवलं, त्या हातांना काय सांगू? तुम्ही बाळाला बाधलात म्हणून?"

ग्युहोच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्याच संध्याकाळी त्याने गिजांगला फोन लावून आईला सगळं सांगितलं. ऐकून होताच पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे गेले, ओकबुनबाईंनी फोनही उचलला नाही.

हेवोनला मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, खणखणीत रडणारी! दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसूतिगृहाचं दार ढकलून ओकबुनबाई आत आल्या, छातीशी डबा धरून. बाळाकडे न बघता त्या आधी सुनेच्या पायाशी बसल्या.

"पहिलं बाळ... तेव्हाही मी सूप पाठवत होते गं. माझ्यामुळेच गेलं ना ते? इतके दिवस कुठल्या तोंडाने यायचं, तेच कळेना."

"नाही हो आई! तेव्हा माझा आजारच कुणाला कळला नव्हता. कुणाचाच दोष नाही." हेवोनने ते खरखरीत हात ओढून स्वतःच्या गालाला लावले. "मी खोटं बोलले. मला या हातांचा वास हवाय!"

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मग ओकबुनबाईंनी नाक पुसून डबा उघडला. त्यात मुळा नि सुक्या मासळीचं पांढरं सूप होतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू मान उंच करून बघत होती. "अगंबाई! बाळंतिणीला शेवाळाचं सूप नाही? आणि बोलण्यावरून तर गिजांगच्या वाटता! सुनेचं एवढं वाकडं का हो? हे घ्या, आमच्यातलं द्या तिला वाटीभर."

सबंध खोली बघू लागली. गावात ज्यांच्या शेवाळाला तोड नव्हती त्या ओकबुनबाईंची मान क्षणभर खाली गेली. मग त्यांनी पुढे आलेली ती वाटी हळूच परत सारली.

"आमच्या घरात शेवाळ चालत नाही, बाई," त्या म्हणाल्या.

हेवोनने सुपाचा घोट घेतला. मीठ जरा जास्तच झालं होतं. तिने आणखी एक वाटी मागितली.