रविवारी पाच वाजता, डॉक्टर पींच्या घरी

"चल ना रे मेल्या!"

सुमेधाने स्टिअरिंगवर हात आपटला. चाकं गरगरली, चिखल उडाला आणि गाडी होती तिथेच आणखी वीतभर रुतली. एप्रिल लागून आठवडा झाला होता. पण न्यूयॉर्क राज्याच्या त्या वरच्या कोपऱ्यात, बेकर्स हॉलो नावाच्या एवढ्याशा गावात, वसंत म्हणजे हाच... करडं आभाळ, वितळता बर्फ आणि जिकडेतिकडे चिखल.

"मेल्याला कशाला बोलता? आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा."

मराठी! तिने दचकून काच खाली केली. आजूबाजूच्या पन्नास मैलांत मराठी बोलणारी माणसं दोनच, ती आणि तिची आई. त्यातली आई नोव्हेंबरपासून फारशी बोलतच नव्हती.

बाहेर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. काचेच्या थर्मामीटरांचं खोकं त्याने तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. ते त्याने अलगद कुंपणाच्या खांबावर ठेवलं, बाह्या सारल्या आणि गाडीला मागून खांदा लावला. गाडी निघाली... आणि तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला.

"सॉरी! खूपच सॉरी!"

"असू दे. शैलेंद्र देशकर, मूळचा अकोल्याचा. सध्या सफरचंदाच्या फुलांना थंडी कधी बाधते ते मोजतो. आणि तुम्ही?"

"सुमेधा. मी... गावाच्या बातम्या गोळा करते."

"मग ही घाला ना. एका परोपकारी तरुणाने मुलीची गाडी ढकलली."

"परोपकारी वगैरे चालत नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "घडलं तेवढंच लिहायचं, असा नियम आहे."

आणि कितीतरी महिन्यांनी तिला हसू आलं. लगेच अपराध्यासारखंही वाटलं. घरी हसण्याजोगं काही नव्हतं ना.

नियम मिसेस टटल यांचा. त्यांनी जवळच्या गावच्या साप्ताहिकात चाळीस वर्षं 'हॉलोच्या बातम्या' लिहिल्या होत्या. कोण कोणाकडे रविवारी जेवायला गेलं, कोणाचा नातू सुट्टीवर आला, कोणाच्या गाईला जुळी वासरं झाली... आणि खाली 'येत्या आठवड्यात' म्हणून यादी : फायर हाउसमध्ये पॅनकेकची न्याहारी, चर्चच्या अंगणात रोपांची विक्री, लायब्ररीत पाय, म्हणजे फळांचं सारण भरलेल्या गोड पदार्थाचा, महोत्सव. जानेवारीत बर्फावर घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांनी हे काम सुमेधाच्या गळ्यात घातलं. डॉक्टर पींच्या मुलीला नाही म्हणता येणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

डॉक्टर पी म्हणजे डॉक्टर पुरुषोत्तम पेठे, सुमेधाचे बाबा. सोळा वर्षं ते त्या गावचे एकमेव डॉक्टर होते. नोव्हेंबरात दवाखान्यातून घरी येता येता पायरीवरच बसले, ते उठले नाहीत. त्या दिवशी घरापासून थेट पुलापर्यंत गाड्या लागल्या होत्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक घराने काचेच्या जाड भांड्यातून शिजवलेलं काही ना काही आणलं होतं. भांड्याच्या तळाला घरवाल्याच्या नावाची चिकटपट्टी. अशी चौदा भांडी अजून स्वयंपाकघराच्या फळीवर पडून होती. घासलेली, पुसलेली, पण परत न केलेली.

"आई, देऊन येऊ का गं ही?" सुमेधाने एकदा विचारलं होतं.

"रिकामी?" आई म्हणाली. "रिकामं भांडं कोणी परत करतं का? आणि भरून द्यायचं तर... माझे हात उठत नाहीत गं."

सुमेधा शिक्षण अर्धवट टाकून परत आली होती. ऑगस्टात घर विकायचं आणि पार्सिपनीला मामाकडे जायचं, एवढं ठरलं होतं. तोवर पडदे ओढलेले आणि दाराला कडी. कोणी आलं तर आई उंबऱ्यातूनच आभार मानायची.

अशा घरातून दर मंगळवारी बातम्यांच्या निमित्ताने बाहेर पडायचं, आणि बातम्या नसल्या तरी सफरचंदाच्या बागेच्या रस्त्याला वळायचं... सुमेधाला स्वतःलाच आपल्या धिटाईचं नवल वाटे. शैलेंद्र झाडाझाडाला थर्मामीटर टांगत असे. ती मागून वही घेऊन. बागेच्या टोकाला त्याची लाकडी खोली होती, तिथे फोन नव्हता. पण गुरुवारचा पेपर मात्र तो चुकवत नसे.

"वाचला. मिसेस हॉजकडे बहीण आली, तिने दोनदा बटाटे वाढून घेतले. वा! आणि माझ्यावर एक ओळ नाही?"

"तू काय केलंस असं?"

"मंगळवारी एका मुलीला कॉफी दिली. त्याच्या आधीच्या मंगळवारीही दिली होती."

"ती कॉफी होती?"

"बघ! हेच लिही. 'कॉफी वाईट होती.' पण नाव घाल यार."

ती हसून मान फिरवायची. नाव कसं घालणार? पेपरात आलं की गावाला कळणार आणि आईलाही. आणि आईच्या त्या अंधाऱ्या घरात आपलं हे सुख कुठे ठेवायचं, हे तिला उमगत नव्हतं. सुख होतं, हे मात्र तिला पक्कं कळून चुकलं होतं. तो वहीत आकडा लिहिताना ओठ दुमडायचा, तेसुद्धा ती टक लावून बघत राहायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाग फुलली. आणि पाठोपाठ सलग दोन पहाटे दहिवर गोठलं.

सकाळी ती पोचली तेव्हा झाडं पांढरीशुभ्र होती. "वाचली की सगळी!" ती म्हणाली. शैलेंद्रने एक फूल तोडलं आणि नखाने चिरून दाखवलं. आत काळा ठिपका.

"मेलंय. अजून चार दिवस असंच छान दिसेल. मग गळेल." तो खाली बघत होता. "माझं काम झालं, सुमेधा. अर्विंगला, टेक्सासला, जॉब मिळालाय. रविवारी निघतो."

तिने वही मिटली.

"जाण्याआधी एकदा घरी बोलाव मला. काकूंना भेटतो."

"घरी कोणी येत नाही."

"मी 'कोणी' आहे का?"

वारा आला, चार पाकळ्या तिच्या केसांवर पडल्या. त्या काढायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"साऱ्या गावाची खबर ठेवतेस तू. सहा आठवडे मी इथे आहे... तुझ्या लेखी मी घडलोच नाही का?"

"नको ना असं बोलूस. जायचंच आहे ना? मग जा. मीही येत नाही आता."

आणि खरंच ती पाठ फिरवून निघाली. रस्ताभर वाट पाहत होती तो हाक मारेल म्हणून. त्याने मारली नाही. शहाणपण दोघांकडेही बेताचंच होतं.

दोन दिवस ती घरात भुतासारखी वावरली. गाडीने बारा मिनिटांचा रस्ता. पण 'येत नाही' म्हणून बसल्यावर कसं जायचं? मंगळवारी मजकूर पाठवताना मात्र तिने यादीच्या तळाशी एक ओळ घातली : 'रविवारी पाच वाजता, डॉक्टर पींच्या घरी जेवण. पाहुणा एकच : थर्मामीटरवाला.' तो गुरुवारी वाचेल. वाचून समजेल.

"आई," रात्रीच्या जेवणाला ती चाचरत म्हणाली, "रविवारी एक जण जेवायला येईल. मी बोलावलंय."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "किती भात लागेल?" एवढंच विचारलं.

गुरुवारी पेपर आला आणि सुमेधाने ती ओळ दोनदा वाचली. जागा पुरेना म्हणून संपादकांनी शेवटचं वाक्य कापलं होतं. उरलं होतं, 'रविवारी पाच वाजता, डॉक्टर पींच्या घरी जेवण.' पॅनकेक आणि रोपविक्रीच्या खाली, साऱ्या गावाला आमंत्रण!

दहा मिनिटांत फोन सुरू झाले. मिसेस हॉज विचारत होत्या, सॅलड आणू की पाय? फायर हाउसवाले खुर्च्या आणणार होते.

"आई, मी सगळ्यांना सांगते, चूक झाली म्हणून..."

"थांब." आई फळीसमोर उभी होती. चौदा भांड्यांकडे बघत. "सहा महिने ही भांडी माझ्या डोळ्यांपुढे आहेत. येऊ देत सगळ्यांना. जा, दहा पौंड तांदूळ आण."

तांदूळ आणायच्या निमित्ताने तिने अखेर गाडी बागेकडे घातली. मान तुकवायची तर तुकवू! पण खोलीला कुलूप होतं. त्याची गाडी नव्हती. झाडांखाली पाकळ्यांचा चिखल झाला होता. शनिवारी पुन्हा गेली, तरी कुलूपच. गेला... न सांगता गेला. परत येताना तिला रस्ता नीट दिसत नव्हता.

रविवारी पाचला गाव आलं. पावसाची बुरबुर चालूच होती. आईने पडदे उघडले होते. कोणी कोपऱ्यात बाबांची गोष्ट सांगत होतं, कोणाच्या डोळ्यांत मसालेभाताने पाणी येत होतं, कोणाच्या नुसतंच. आई प्रत्येक भांड्याच्या तळाची पट्टी वाचून त्यात भात नाही तर शिरा भरत होती आणि ज्याचं त्याच्या हातात देत होती. चौथं भांडं देताना ती मिसेस टटलच्या चाकाच्या खुर्चीपाशी वाकली आणि हमसाहमशी रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. सुमेधा शेजारी पाणी घेऊन उभी राहिली. हे सगळं ज्याच्यासाठी मांडलं तोच नाही, हे या घरात तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

शैलेंद्र आत आला तो बुटांसकट, धापा टाकत. "काकूंना काय झालं?"

सगळे ताटल्या हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. सुमेधाने त्याला बाहीला धरून पुन्हा बाहेर, ओसरीत ओढलं.

"कुणाला काही झालं नाही."

"मग एवढ्या गाड्या? पुलापर्यंत... तूच सांगितलं होतंस ना, बाबा गेले त्या दिवशी..." त्याने ओलं तोंड पुसलं. "मला वाटलं, काकू... नाही तर तू."

"गेला नाहीस तू?"

"तीन दिवस युनिव्हर्सिटीत होतो. थीसिस दिला, थर्मामीटर परत केले. आता निघालोय."

"पण हायवे उलट्या बाजूला आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तुझं घर एकदा बघून जावं म्हटलं. बाहेरून. बाहेरून बघायला तुझी परमिशन लागत नाही ना?"

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "पेपर नाही वाचलास?"

"नाही. या वेळीही माझं नाव नसलं तर... हिंमत झाली नाही."

"घातलं होतं. नाव नाही, पण तुलाच बोलावलं होतं. एकट्या तुला! त्यांनी ती ओळ कापली आणि हे सगळं..." तिने आत हात केला. मग पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. "शैलेंद्र, मला तू आवडतोस. फार. घडलंय ते, म्हणून सांगते."

बागेत मागे घेतलेला हात त्याने पुढे केला आणि तिच्या केसांवरचे पावसाचे थेंब हलकेच टिपले. "मला तर चिखलातच आवडली होतीस," तो म्हणाला. "पण जॉब... सुमेधा, मला जावं लागेल गं."

"माहीत आहे."

"बूट काढ," दारातून आईचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. "हात धू आणि पानावर बस. कुठला तू?"

"अकोल्याचा, काकू."

"पोळ्या नाहीत. भात आहे."

"काकू, सहा आठवडे ब्रेड खातोय."

आईने त्याला तीनदा वाढलं आणि त्याने तीनदा खाल्लं.

अंधार पडायच्या आत तो निघाला. फळी मोकळी झाली होती. आईने आपला स्टीलचा डबा काढला, बाबांचा, दवाखान्यात न्यायचा, आणि शिऱ्याने गच्च भरून त्याच्या हातात ठेवला.

"काकू, हा टेक्सासहून परत कसा..."

"पोस्टाने पाठवायचा नाही," आई म्हणाली. "आणि रिकामा आणायचा नाही. ऑगस्टनंतर पार्सिपनीला ये. पत्ता हिच्याकडे आहे."

त्याच्या गाडीचे लाल दिवे पुलापलीकडे दिसेनासे झाले तरी सुमेधा पावसात उभी होती. आत घर पुन्हा गप्प झालं होतं. पण पडदे उघडेच होते.

गुरुवारच्या पेपरात, हॉज यांच्या वासराच्या बातमीखाली छापून आलं : 'शैलेंद्र देशकर, अर्विंग, टेक्सास, हे रविवारी डॉक्टर पींच्या घरी जेवायला होते. जाताना त्यांनी डबा नेला.'

सकाळीच मिसेस टटल यांचा फोन. "पोरी, जेवला ते ठीक आहे. डबा नेला, ही काय बातमी झाली?"

"हो, मिसेस टटल," सुमेधा म्हणाली. "आमच्यात ही फार मोठी बातमी असते."